प्लास्टरचे ठिय्ये, पट्टे आणि जमिनीचा कोबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीड म्हणजे नेमकं काय?

बांधकामात हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. भिंतीवर स्क्रीड म्हणजे प्लास्टरच्या आधी मारलेले मालाचे (कालवलेल्या सिमेंट-वाळूचे) ठिय्ये आणि ते जोडणारे उभे पट्टे. प्लास्टरचा पृष्ठभाग कुठे येणार आणि जाडी किती राहणार, हे त्यांच्यावरून ठरतं. जमिनीवर स्क्रीड म्हणजे स्लॅब आणि फरशी यांच्यामधला समतल किंवा उताराचा थर. आपल्याकडे त्याला कोबा किंवा फरशीखालचा बेड म्हणतात. या पानावर मालाच्या पट्टीला ‘पट्टा’ आणि हातातल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला ‘पट्टी’ म्हटलं आहे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

अनुभवी गवंडी नजरेनं सरळ प्लास्टर करतो. ठिय्ये कशाला हवेत?

भिंतीचा छोटा तुकडा नजरेनं सपाट दिसतो, पण पूर्ण भिंत ओळंब्यात (बरोबर उभ्या रेषेत) आहे की नाही ते नजरेला कळत नाही. नुसती पट्टी फिरवली तर ती विटांच्या उंचसखलपणावरूनच फिरते आणि भिंतीचा पोटफुगा प्लास्टरवर जसाच्या तसा उमटतो. पुढे त्या भिंतीला कपाट लावलं की मागे फट दिसते. स्कर्टिंगची टाइल मध्येच सुटलेली दिसते, आणि पुट्टीवाला ‘दोन हात जास्त लागतील’ म्हणून वाढीव पैसे मागतो. ठिय्ये मारायला एका खोलीला गवंड्याचे दोन-तीन तास लागतात. मारलेच नाहीत तर नंतर दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

ठिय्ये कसे मारायचे? क्रमाने सांगा.

सुरुवात माल कालवण्यापासून होत नाही, भिंतीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू शोधण्यापासून होते. भिंतीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकून वर, मध्ये आणि खाली लाइनदोरी ताणा आणि दोरी ते भिंत हे अंतर ठिकठिकाणी मोजा. जिथे अंतर सर्वांत कमी, तो उंचवटा. त्या जागीही किमान 8 ते 10 मिमी प्लास्टर बसायला हवं. बाकी सगळ्या ठिय्यांची जाडी या एका जागेवरून ठरते.

मग वरचा ठिय्या. छतापासून साधारण 15–20 सेंमी खाली आणि कोपऱ्यापासून तेवढंच आत, सुमारे 15 × 15 सेंमीचा. त्याच्या बरोबर खाली, जमिनीपासून फूटभर वर, दुसरा. आता ओळंब्याचा गट्टू (दोरी ओवलेला ठोकळा) वरच्या ठिय्याला टेकवा आणि दोरीच्या टोकाचा गोळा खालच्या ठिय्यासमोर सोडा. पंखा बंद ठेवा, गोळा पूर्ण थांबू द्या. गोळ्याची कड ठिय्याला जेमतेम शिवली पाहिजे. गोळा टेकून राहिला तर खालचा ठिय्या बाहेर आला आहे. फट राहिली तर तो आत आहे. थापीनं दाबून किंवा भर घालून तो जुळवा.

भिंतीच्या दुसऱ्या टोकालाही अशीच जोडी मारा. दोन्ही टोकांच्या ठिय्यांवर दोरी ताणून मधले ठिय्ये दोरीला लावून घ्या. दोन ठिय्यांमधलं अंतर हातातल्या पट्टीपेक्षा कमी हवं, म्हणजे पट्टी 2 मीटरची असेल तर ठिय्ये दीड ते पावणेदोन मीटरवर. 2 मीटरपेक्षा जास्त अंतर कधीच ठेवू नका.

ठिय्ये पकडले की दुसऱ्या दिवशी वरच्या-खालच्या ठिय्यांमध्ये 10 ते 15 सेंमी रुंदीचा पट्टा भरा आणि पट्टीनं ठिय्यांच्या पातळीला कापा. पट्टे तयार झाले म्हणजे रूळ टाकून झाले. आता मधल्या गाळ्यांत माल भरायचा आणि पट्टी दोन पट्ट्यांवर टेकवून, करवत चालवल्यासारखी डावी-उजवी हलवत खालून वर ओढायची.

पट्टे हवेतच का? फक्त ठिय्यांवर काम भागत नाही का?

लहान भिंतीला भागतं, आणि बहुतेक साइटवर तेच चालतं. पण फक्त ठिय्ये असतील तर पट्टीला टेकायला चारच जागा मिळतात आणि त्यांच्या मधल्या उंचीत ती मालात रुतते. 3 मीटर उंच आणि 4 मीटर लांब भिंतीवर हा फरक उघड दिसतो. हॉलची मोठी भिंत, टाइल लावायची भिंत आणि जिच्यावर खिडकीतला उजेड तिरका पडतो ती भिंत, या तिन्हींना पट्टे मारूनच घ्या.

ठिय्याचा माल कोणता?

भिंतीला जो वापरणार तोच. आतल्या भिंतीला 1:4 (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) ठरला असेल तर ठिय्याही 1:4 चाच. ‘लवकर पकडावा’ म्हणून नुसत्या सिमेंटचा किंवा 1:2 चा ठिय्या मारला तर तो आजूबाजूच्या प्लास्टरपेक्षा कडक होतो, वेगळा आकसतो आणि पाणी वेगळं शोषतो. रंग लावल्यावर त्या जागी चौकोनी डाग किंवा बारीक गोल तडा दिसतो.

पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्समचे) ठिय्ये दहा मिनिटांत घट्ट होतात, त्यामुळे घाईच्या साइटवर ते सर्रास दिसतात. सिमेंट प्लास्टरमध्ये ते ठेवू नका. ओलाव्यात जिप्सम आणि सिमेंट यांची रासायनिक प्रक्रिया होते, तो भाग फुगतो आणि प्लास्टर सुटतं. पट्टे मारून झाले की असे ठिय्ये खरवडून काढायचे आणि खड्डे त्याच मालानं भरायचे.

टाइलचा तुकडा मालावर चिकटवून केलेले ठिय्ये मुंबई-पुण्यात खूप दिसतात. मोजायला ते उत्तम, कारण वरची बाजू पक्की सपाट असते. फक्त चकाकी असलेला तुकडा आत राहू देऊ नका. त्यावर ना माल धरतो, ना पुट्टी.

खोली गुण्यात (काटकोनात) आहे का, हे याच वेळी पाहायचं का?

हो, आणि हीच बाब सर्वांत जास्त राहून जाते. भिंत ओळंब्यात असूनही खोली तिरकी असू शकते. कोपऱ्यातून एका भिंतीवर 6 फूट आणि दुसरीवर 8 फूट मोजा. तिरकं अंतर बरोबर 10 फूट यायला हवं. मोजमाप ठिय्यांच्या पृष्ठभागावरून घ्या, विटांवरून नाही. खोलीचे दोन्ही कर्ण समान आले तर आणखी खात्री होते. स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये हे टाळूच नका. ओटा आणि टाइल काटकोनातच येतात, आणि तिरकी भिंत शेवटच्या ओळीतल्या निमुळत्या टाइलवरून कायम दिसत राहते.

दाराची चौकट आधी बसवली असेल तर ठिय्यांची पातळी चौकटीच्या कडेशी जुळवा. चौकटीला ओळंबा लावल्याशिवाय तिच्यावरून ठिय्ये काढू नका, कारण ती स्वतःच तिरकी असेल तर सगळी भिंत तिच्यामागे जाते. इलेक्ट्रिकचे बॉक्सही ठिय्याच्या पातळीला आणून घ्या. आत राहिले तर स्विचप्लेट नीट बसत नाही.

भिंत ओळंब्यात नाही. वर 12 मिमी आणि खाली 32 मिमी जाडी येते. काय करायचं?

आधी खर्च बघा. 12 मिमीच्या प्लास्टरला 1:4 मालात 100 चौरस फुटांमागे सुमारे 1 पोतं सिमेंट आणि 5 घनफूट वाळू लागते. यात सांधे आणि वाया जाणारा माल धरला आहे. सरासरी जाडी 22 मिमी झाली की सामान जवळपास दुप्पट लागतं. म्हणून लगेच भर घालण्याआधी उंचवटा पाहा. पुष्कळदा दोन-चार विटांच्या कडा किंवा बीमचं सुटलेलं काँक्रीट एवढंच पुढे आलेलं असतं. छन्नीनं तेवढा भाग उडवला की सगळ्या भिंतीची जाडी कमी होते. कॉलम-बीमचं मूळ काँक्रीट मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय फोडू नका. आतली सळई उघडी पडली तर नवं संकट उभं राहतं.

भर घालावीच लागली तर एका थरात 15 मिमीपेक्षा जास्त नको. ओला जाड थर स्वतःच्या वजनानं खाली सरकतो, मध्ये पोट धरतो आणि सुकताना भिंतीपासून सुटतो. पहिला थर रेघा मारून खडबडीत ठेवा, एक दिवस पकडू द्या, मग दुसरा. एकूण जाडी 25 मिमीच्या पुढे जात असेल तर मध्ये जाळी घ्या.

ठिय्ये मारण्याआधी भिंतीची तयारी काय?

विटांचे सांधे ओले असतानाच 10–12 मिमी खोल खरवडलेले असावेत. कॉलम आणि बीमला दाट टाचे (छन्नीचे घाव) मारा किंवा सिमेंट-वाळूचा पातळ माल फटकारून खडबडीत थर द्या. गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही. वीटकाम आणि काँक्रीट जिथे मिळतात त्या सांध्यावर 30 सेंमी रुंद चिकन जाळी ताणून बसवा, दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी. हे दोन पदार्थ उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात. जाळी नसेल तर त्या रेषेवर तडा जाण्याची शक्यता मोठी असते.

मातीच्या विटांची भिंत आदल्या दिवशी भरपूर भिजवा. काम सुरू करताना ती ओलसर हवी, वरून पाणी ओघळणारी नको. एएसी ब्लॉकला (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकला) मात्र असं धो धो पाणी मारू नका. फक्त शिंपडा आणि 1:6 सारखा हलका माल किंवा ब्लॉकसाठीचं तयार प्लास्टर वापरा.

पट्ट्याच्या कडेनं उभा तडा गेला. का?

पट्टे बरेच दिवस आधी मारून ठेवले होते, हे नेहमीचं कारण. पट्टा सुकून आकसून बसलेला असतो. त्याच्या शेजारी नवा माल भरला की तो ओला असताना पट्टा त्यातलं पाणी ओढतो, नंतर नवा माल आकसतो आणि सांधा उघडतो. पट्टे आज भरले तर गाळे आज संध्याकाळी किंवा उद्या भरून झाले पाहिजेत. भरण्याआधी पट्ट्याच्या कडा थापीनं खरवडून पाण्यानं ओल्या करा. आठवड्यापूर्वीचे पट्टे असतील तर पातळीपुरते वापरा, पण त्यांच्या कडा फोडून खडबडीत करून घ्या.

दुसरं कारण तितकंच नेहमीचं : भिंत चकचकीत व्हावी म्हणून वरून भुरभुरलेलं कोरडं सिमेंट. त्यानं वरची साय आतल्या थरापेक्षा जास्त आकसते आणि जाळीदार तडे पडतात. पट्टी ओढल्यावर खड्डा दिसला तर त्यात मालच भरा, सिमेंट नाही. कोरडं सिमेंट भुरभुरणाऱ्याला तिथेच थांबवा.

माल किती वेळ चालतो? पाणी किती दिवस मारायचं?

पाणी घातल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवा. उन्हाळ्यात अर्धा तासच धरा. कडक झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो भिंतीवर मारला की प्लास्टर हातानं घासलं तरी भुगा पडतो. मोजायला घमेलं वापरू नका, कारण प्रत्येक बिगारी ते वेगळं भरतो. 35 लिटरचा फर्मा (मापाची पेटी) वापरा. एक पोतं सिमेंट म्हणजे एक फर्मा, म्हणून 1:4 ला चार फर्मे वाळू.

पाणी दुसऱ्या दिवसापासून किमान 7 दिवस, भिंत मध्ये सुकू न देता. दिवसातून एकदा पाइप फिरवणं पुरत नाही. मार्च ते मे या काळात तीन-चार वेळा मारावं लागतं.

जिप्सम प्लास्टरलाही ठिय्ये लागतात का?

लागतात, जिप्समचेच. पद्धत तीच, फक्त माल अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवतात. पाणी मारायचं नाही. बाथरूम, बाल्कनी, बाहेरची भिंत आणि ओल येणारी भिंत यांना जिप्सम नको.

घरमालकानं कामावर केव्हा आणि काय तपासावं?

ठिय्ये मारून झाले आणि गाळे अजून भरायचे आहेत, ती वेळ साधा. चूक त्या क्षणी दहा मिनिटांत सुधारते. गाळे भरल्यावर तीच चूक काढायला भिंत फोडावी लागते. स्वतःचा ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन जा. प्रत्येक भिंतीवर एक उभी जोडी, एक दोरी आणि एक कोपरा पाहा. चौकटीजवळ ठिय्या किती पुढे आहे तेही पाहा. गवंड्याला आधी सांगून जा म्हणजे तो गाळे भरायला घेणार नाही.

प्लास्टर झाल्यावर 2 मीटरची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी लावा. खाली 3 मिमीपेक्षा मोठी फट नको. रात्री दिवा भिंतीला अगदी चिकटवून धरा. उजेड भिंतीवरून सरपटतो आणि प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. शेवटी बोटाच्या पेरानं ठोकत जा. ‘बद्द’ आवाज आला ती जागा सुटलेली आहे. खडूनं खूण करून तेवढा भाग काढून घ्या.

जमिनीच्या कोब्याला ठिय्ये कसे काढतात?

इथे ओळंब्याऐवजी लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) किंवा लेझर. तयार फरशीपासून 1 मीटर वर सगळ्या भिंतींवर एक रेघ मारून घ्या, मग कुठेही उभं राहून खाली 1 मीटर मोजता येतं. पाइपात बुडबुडा राहिला तर रेघ चुकते, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान येतं का ते आधी बघा. ठिय्याची पातळी म्हणजे तयार फरशी वजा टाइलची जाडी वजा तिच्याखालच्या चिकट थराची जाडी.

माल ओलसर, पण वाहणारा नको. मूठभर घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला, पाणी गळलं नाही आणि हात फक्त ओलसर झाला, म्हणजे बरोबर. जास्त पाणी घातलं की वाळू खाली बसते, वर सिमेंटची कमजोर साय येते आणि ती पुढे टाइलसकट उठते. स्लॅबवरची धूळ आणि पडलेला माल खरवडून, ओलं करून, सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) घासून लगेच वर माल टाका. स्लरी वाळू दिली तर ती जोडण्याऐवजी तोडण्याचं काम करते.

कोबा जाड झाला तर काय बिघडतं?

वजन वाढतं. 25 मिमी जादा माल म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 50 किलो. 10 × 10 फुटांच्या खोलीत पावणेपाचशे किलोच्या आसपास. जुन्या इमारतीत फरशी बदलताना आधीची काढून, स्लॅबपर्यंत जाऊन मगच नवी लावावी. फरशीवर फरशी चढवण्यात तोडफोड वाचते, पण वजन कायमचं राहतं.

खूप पातळ थरही तितकाच वाईट. स्लॅबला चिकटलेला सिमेंट-वाळूचा कोबा 25 ते 40 मिमी चालतो. मध्ये प्लास्टिकचा कागद असेल, म्हणजे तो स्लॅबला चिकटत नसेल, तर 50 मिमीपेक्षा कमी नको. इंग्लंडमध्ये थर्मल इन्सुलेशनवर टाकलेल्या स्क्रीडला घरात 65 मिमी धरतात. तिकडे घर घेतलेल्यांना हा आकडा कंत्राटात दिसेल.

वर लाकडी किंवा व्हिनायल फ्लोअरिंग टाकायचं आहे. किती थांबायचं?

50 मिमीपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस, त्यापुढे जास्त. म्हणजे 40 मिमी कोब्याला सुमारे सहा आठवडे, तेही हवा खेळती असताना. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये दिवसांच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका, ओलाव्याच्या मीटरनं मोजूनच ठरवा. घाई केली तर लाकूड फुगतं आणि व्हिनायलखाली फोड येतात.

बाथरूम आणि गच्चीचा उतार किती?

बाथरूमला ट्रॅपकडे (पाणी जाण्याच्या जाळीकडे) 1:80 ते 1:100. म्हणजे दीड मीटरला 15 ते 19 मिमी. भिंतीकडचे ठिय्ये उंच आणि ट्रॅपकडचे खाली ठेवून मगच मधला माल भरा. ‘टाइल लावताना उतार काढू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मोठ्या टाइलला उतार देता येत नाही, ती जशी बेडवर बसते तशीच राहते.

गच्चीला ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घालताना 1:100 धरतात. पाइपाच्या तोंडाशी जाडी कमीत कमी, साधारण 65 मिमी, आणि तिथून वाढत जाते. 6 मीटर अंतरावर ती आणखी 60 मिमी वाढलेली असते. क्रम असा : स्वच्छ स्लॅबवर स्लरी, 20–25 मिमी 1:4 माल, त्यात विटांचे तुकडे उभे रोवून मध्ये 15–20 मिमी सांधे ठेवायचे, सांधे मालानं पूर्ण भरायचे, वरून वॉटरप्रूफिंग कंपाऊंड घातलेला 20 मिमी थर आणि ओल्यातच दोरीनं 30 सेंमीचे चौकोन. विटांचे तुकडे आधी भिजवलेले हवेत, नाहीतर ते मालातलं पाणी पिऊन टाकतात. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी गोलसर वाटा (मालानं कोपरा भरून केलेली गोलाई) काढून तो भिंतीवर फूटभर चढवा. गच्ची गळण्याच्या तक्रारी बहुतेक वेळा या कोपऱ्यातून येतात.

जुना गच्चीचा कोबा गळतो. त्यावरच नवा घातला तर?

घालू नका. सरासरी 11 सेंमी कोब्याचं वजन दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास असतं. दुसरा थर म्हणजे तेवढाच भार पुन्हा, आणि जुन्या थरात मुरलेलं पाणी आत अडकून स्लॅबच्या सळया गंजवत राहतं. जुना काढा, स्लॅब तपासा, तडे भरा आणि मग नवा घाला. सोसायटीच्या इमारतीत हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय घेऊ नये.

नव्या कोब्यावर मातीचे किंवा मालाचे बांध घालून पाणी साठवा आणि किमान सात दिवस, जमल्यास दोन आठवडे ठेवा. त्यात क्युरिंगही (माल ओला ठेवून पक्का करणं) होतं आणि चाचणीही. खालच्या मजल्यावर रोज छत पाहत राहा. पाणी सोडल्यावर तासाभरानं गच्चीवर फिरा. जिथे डबकं उरलं तिथे उतार चुकला आहे. ती जागा खडूनं आखून, ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधीच, उतार दुरुस्त करून घ्या.